मास्तरची इहीर

ड्रोन पडला तेव्हा उत्तराला आधी ऐकू आली ती पडण्याची थाप नव्हे. घरघरीतून निघून गेलेला एक सूर होता. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या वर, दोन पुरुष उंचीवर ड्रोन चिडलेल्या भुंग्यासारखा उभा होता, तिचे दोन्ही अंगठे रिमोटच्या दांड्यांवर होते, उन्हानं डोळे बारीक झाले होते, आणि चार पंख्यांच्या त्या एकजीव घूंमधून कुणीतरी एक धागा ओढून काढावा तसा एक सूर कमी झाला. मग ड्रोन डावीकडे कलला. मग पडला. रबरी चप्पल फरशीवर आपटावी तसा, फारसा मान नसलेला आवाज झाला. खालच्या बोळातल्या कुत्र्यानं मान उचलून पाहिलं आणि परत पायांवर ठेवली. परभणीतली शनिवारची दुपार होती तशीच पुढे चालू राहिली. कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली, वसमत रोडवरून एक ट्रक गेला. उत्तरा मात्र जागच्या जागी उभी राहिली. आधी सूर गेला, मग तोल गेला. हा क्रम तिनं आजवर ऐकलाच नव्हता. आजवर ती नुसतं पडणंच ऐकत आली होती.

"पडलं का?" जिन्यातून उद्धवनं विचारलं.

"उतरलं."

"उतरलं म्हणजे?"

"जरा जोरात उतरलं."

"बरं. मग चहा पण जरा जोरात टाकतो," उद्धव म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तो बायकोच्या उत्तरांची खोली पायानं चाचपून मगच आत उतरायचा.

तिनं ड्रोन ओंजळीत उचलला. पाव किलोच्याही आतलं वजन. एखादं आजारी पाखरू असावं तसं. तो मुळात निकिताचा. पुण्याला शिकणाऱ्या त्यांच्या मुलीनं तो मैत्रिणींबरोबर हौसेनं घेतला, कुठल्याशा किल्ल्यावर दगडाला धडकवला आणि दिवाळीत घरी आणून टाकला. "आई, हा मेलाय. भंगारवाल्याला देऊन टाक." उत्तरा ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. न चालणारी वस्तू तिला टाकून देता येत नसे असं नव्हे. ती का चालत नाही हे कळल्याशिवाय टाकता येत नसे. तेव्हापासून तो किती वेळा जोरात उतरला, आणि प्रत्येक उतरण्यागणिक त्याच्यात घरातलं काय काय शिरत गेलं! पुढचा पाय म्हणजे उद्धवच्या जुन्या टूथब्रशची दांडी, मेणबत्तीवर गरम करून वाकवलेली. मोडलेल्या हाताला छत्रीची काडी, वरून शिवणाचा दोरा, दोऱ्यावर फेविक्विक आणि त्यावर चिमूटभर खाण्याचा सोडा, म्हणजे दगडासारखं घट्ट बसतं. कॅमेरा थरथरू नये म्हणून असतात ती रबराची बोंडं फाटली, तिथं सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे. मेमरी कार्डाची खाच तर कधीचीच पिचली होती. त्यामुळे ड्रोनला दिसायचं सगळं, आठवायचं काहीच नाही. जे दिसेल ते मोबाइलच्या पडद्यावर त्या क्षणी पाहून घ्यायचं. मूळच्या कंपनीनं ओळखलं नसतं इतका तो आता या घरचा झाला होता.

आणि उद्या सकाळी तो उडायलाच हवा होता. कारण उद्या सकाळी शेतात बाया येणार होत्या.

ताडकळसच्या शिवारात अण्णांचं, तिच्या वडलांचं, शेत होतं. नात्यातला बजरंग ते बटईनं करायचा. परवा त्याचा फोन आला होता. "ताई, ज्वारी आलीय काढायला. आइतवारी मालनबाईची टोळी लावायलाव." तिनं सहज विचारलं, सगळी पिकली का? "मधी मधी हिरवी हाय जराशी. शेणखताची गाडी सांडली असंल तिथं. हिरवी-पिवळी सगळी एकदाच उपटायची, बाया काय फिरून फिरून येतेत व्हय?" मधी मधी म्हणजे कुठं, तिनं एकदम विचारलं. "आता कुठं म्हणून सांगू ताई. डोस्क्याच्या वर पीक हाय. आत गेलं की माणूस माणसाला दिसंना." फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि आपण कशाला आलो हे विसरून ओट्याला धरून उभी राहिली. वरून, ती स्वतःशीच म्हणाली. वरून बघायचं.

कारण हे एकदा, एकाच माणसाला, वरून दिसलेलं होतं. ती तेव्हा दुसरी-तिसरीत असेल. अण्णा गावच्या शाळेत शिकवायचे. सगळा गाव त्यांना भुजंग मास्तर म्हणायचा. हुरडा सरून ज्वारी वाळायला लागलेली, आणि अण्णा गोफण घेऊन पाखरं हाकायला शेतातल्या माळ्यावर, उंच मचाणावर, झोपलेले. उजाडताना त्यांना पिवळ्या पिकातून गेलेली एक हिरवी वाट दिसली. शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ते धावत घरी आले, आईला घेऊन गेले; तोवर उन्हं वर आली, आणि आईला सगळं सारखंच दिसलं. चार दिवसांत ज्वारी निघाली. अण्णांनी मात्र वहाणा घासत शेतभर फेऱ्या घातल्या आणि निकाल दिला की इथं कधीकाळी ओढा होता, तो बुजला, पण त्याचं पाणी अजून खालून चाललंय. म्हणून तिथली ज्वारी उशिरा पिकते. मग त्यांनी आठवणीच्या अंदाजानं विहीर खणली. आधी काळी माती, मग मुरूम, मग पाषाण. पाषाणाखाली पाषाण. त्या उन्हाळ्यानंतर गावात कुणी पालथ्या घड्यावर पाणी घातलं, कुणी वठलेल्या झाडाला आळं केलं, की लोक म्हणायचे, ही मास्तरची इहीर. म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट नसायचं. त्यामुळे त्यांच्यावर रागावताही यायचं नाही. आई तर त्याच कोरड्या विहिरीच्या काठावरून, दुसऱ्याच्या मळ्यातून भरलेली घागर डोक्यावर घेऊन यायची, विहिरीकडे न बघता. न बघण्यासाठी तिला मान किती ताठ ठेवावी लागायची हे उत्तराला अजून दिसत होतं.

एकानंच आणि एकदाच केलेलं निरीक्षण पुरावा म्हणून धरायचं नाही. हे वाक्य ती दरवर्षी वर्गात म्हणायची, फळ्याकडे तोंड करून म्हणायची. पण तिला खरा घाव बसला तो या दिवाळीत. अण्णा बाजेवर पाय सोडून बसले होते, कशावरून तरी विहिरीचा विषय निघाला, आणि ते हसून म्हणाले, "मला तवा दिसलंच नसंल गं बाई. झोपेत असंल. चष्माबी नव्हता." ती त्यांच्यावर इतकी चिडली की तिची तिलाच भीती वाटली. गावानं हसायचं ते हसावं. पण ज्यानं पाहिलं त्यानंच आपलं पाहणं मागं घ्यायचं? मग तिथं उरलं कोण?

चहाचा कप तिच्यापुढे ठेवून उद्धव टेबलाकडे पाहत राहिला. सुया, चिमटा, दाढीचं पातं, दोरा. "किती जीव काढशील त्याच्यापायी," तो मायेनंच म्हणाला, "हे सुद्धा आता मास्तरची इ—" आणि थांबला. त्यानं बिस्किटाचा पुडा उघडायला घेतला. तो आधीच उघडा होता.

"म्हण की," उत्तरा म्हणाली.

"सवयीनं आलं गं तोंडात."

"म्हणूनच तर."

पण तिचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. सूर आधी गेला, मग तोल. म्हणजे वारा नव्हे, म्हणजे तिचे अंगठे नव्हेत. इतके दिवस ती मोडलेले पाय आणि हात सांधत बसली होती. पडल्यावर जे मोडलं ते दुरुस्त करत होती, आणि ज्यानं पाडलं ते तसंच आत ठेवून देत होती. तिनं एकेक पंखा बोटानं फिरवून पाहिला. पहिला, टक टक टक, आतले चुंबक मोजून दिल्यासारखे. दुसरा तसाच. तिसरा तसाच. डावीकडचा मागचा फिरवला आणि बोटाच्या टोकाला जात्यात खडा आल्यासारखं लागलं. खरखर. अगदी बारीक. मोटरच्या दांडीवरची, मुंगीच्या कमरेएवढी कडी सुईनं सरकवली. वरची वाटी ओढली. ती चुंबकाची ओढ तोडत, कुरकुरत निघाली. तिनं ती खिडकीच्या उजेडात धरली. आतल्या कडेनं, चुंबकांच्या चकचकीत पट्ट्यांवर, काळी लव उगवली होती. उभीच्या उभी, एकमेकींना टेकलेली, नवजात रेडकाच्या अंगावर असते तशी.

ती हसायलाच लागली. उद्धव बिस्किट हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. "काय झालं?"

"माती," ती म्हणाली. "अरे, माती आहे! आपली."

संक्रांतीनंतर ती पहिल्यांदा अण्णांच्या शेताच्या बांधावर उडवायला गेली होती तेव्हा ड्रोन ढेकळांत आपटला होता. तिथून हे सुरू झालेलं. मातीनं त्याला पाडलं, पडल्यावर आणखी माती आत गेली. आणि काळी माती चुंबकाला चिकटते हे तिला कुणी शिकवायला नको होतं. शाळेच्या फुटक्या भोंग्यातला चुंबक अण्णांनी तिला सुतळीला बांधून दिला होता. परकर खोचून ती तो शेतभर ओढत फिरायची, आणि कुत्र्याच्या पिलासारखा मागून येणारा तो चुंबक घरी पोचेपर्यंत दाढीवाला झालेला असायचा. लोखंड आहे का अण्णा हे? "लोखंड न्हाई, दगडाचा चुरा. डोंगर झिजून झिजून आपलं शेत झालं बाई. त्याच्यात अजून डोंगराची खोड हाय." बोटांनी ती दाढी निघायची नाही, ओढावी तेवढी ती सरकायची, दुसऱ्या बाजूनं उभी राहायची. आताही तसंच होतं. ब्रशनं ती हलली, कापसाला तिनं दाद दिली नाही. तेव्हा ती दाढी काढायला आईनं काय केलं होतं? उत्तरा उठली, कपाटातल्या वरच्या कप्प्यातून आईचा कुंकवाचा करंडा काढला. आईच्या मागे तो तिच्याकडे आला होता, वापरात नव्हता. खालच्या पुडात मेण होतं, कुंकवाआधी कपाळाला लावायचं, वर्षानुवर्षं आईच्या एकाच बोटानं झिजून मधोमध खळगा पडलेलं. तिनं नखानं थोडं काढलं, तळहातावर मऊ केलं आणि चुंबकावर दाबलं. उचललं. मेणाच्या पोटात काळी लव रुतून आली, आणि चुंबक स्वच्छ. तिनं पुन्हा दाबलं. खळग्यातल्या आईच्या बोटाजागी आपलं बोट नेमकं बसतंय हे तिच्या लक्षात आलं, पण ती तिथं थांबली नाही. आज थांबायला तिला वेळच नव्हता.

संध्याकाळपर्यंत तिला भूक लागली नाही. पंख्याचं टोकाला तुटलेलं पातं तिनं कापून सारखं केलं, समोरचंही तेवढंच कापलं, मधल्या भोकातून सुई घातली आणि ती दोन पेल्यांच्या कडांवर आडवी टेकवली. एक बाजू जड. पातं हळूच फिरून खाली गेलं. हलक्या बाजूला तिनं आपल्या पाकिटातली सगळ्यात बारीक टिकली लावली. जास्त झालं. कात्रीनं अर्धी केली. पातं आडवं राहिलं, आणि राहिलंच. फुंकर घातली तरी डुलून परत आडवं.

"सौभाग्यवती झालं की," उद्धव म्हणाला. मग थोड्या वेळानं, पेले उचलता उचलता, "सकाळी किती वाजता निघायचं? मोटरसायकल मी चालवतो. तू हे सांभाळून धर."

"पाचला," ती म्हणाली.

उजाडताना ते शेतात पोचले तेव्हा अण्णा आधीच विहिरीच्या ढिगाऱ्यावर बसलेले होते. खांद्यावर टॉवेल, हातात काठी. विहिरीतून निघालेल्या मुरमाचा तो ढिगारा, शिवारातला एकमेव उंचवटा. दंव ओसरत होतं. ज्वारीची कणसं मान टाकून उभी होती आणि काठावरून बघणाऱ्याला फक्त पहिल्या दोन ओळी दिसत होत्या, त्यापुढे नुसती दाटी. मालनबाई आणि तिच्या बाया बांधावर तंबाखू मळत होत्या.

"हे कशाला वं बाई? पाखरं हाकायला?" मालनबाईनं विचारलं.

"जरा शेत बघायचंय वरून."

"बगा, पन आमचे फोटू काढू नगा. डोस्क्यावर पदर न्हाई अजून."

"तुझे फोटू बघून ते इमान पडंल खाली," बजरंग म्हणाला, आणि बाया त्याच्यावर तुटून पडल्या.

अण्णांनी ड्रोन हातात घेऊन उलटापालटा केला. "ह्याला टिकली कुणी लावली?"

"तोल जात होता."

"हं." त्यांनी तो जपून ढिगाऱ्याच्या माथ्यावर ठेवला. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "काय न्हाई दिसलं तर वाईट वाटून घिऊ नको. मला काय आता... झालं ते झालं."

तिनं अंगठे दांड्यांवर ठेवले. चार सूर उठले, एकमेकांत मिसळले, आणि ड्रोन तिच्या कपाळाच्या वर, अण्णांच्या काठीच्या वर, निंबाच्या शेंड्याच्या वर गेला. ती पडद्याकडे बघतच नव्हती, ती ऐकत होती. चारही आहेत. चारही आहेत. मग तिनं मोबाइलवर अण्णांच्या टॉवेलची सावली धरली आणि पाहिलं.

पिवळं. आधी नुसतं पिवळं, उन्हात वाळत घातलेल्या घोंगडीसारखं. आणि त्यातून, निंबाच्या कोपऱ्यातून निघालेली, हिरवी. ओली हिरवी. ती सरळ आली, मधे रुंदावली, ढिगाऱ्याकडे यायला निघाली आणि अगदी जवळ येऊन, काहीतरी आठवल्यासारखी, डाव्या अंगाला वळली. वळसा घेऊन खालच्या बांधातून पलीकडे निघून गेली. वळशाच्या बाहेर, चार हातांवर, विहिरीचं काळं तोंड होतं. पाणी वळलं होतं तिथं अण्णा सरळ गेले होते. एवढंच. सगळ्या गावाचं हसणं त्या चार हातांत मावलं होतं.

उत्तरानं मोबाइल पुढे केला. अण्णांनी पाहिलं. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला, परत पाहिलं. त्यांचा हात तिच्या मनगटावर आला आणि तिथंच घट्ट राहिला.

"वळलंय," ते म्हणाले. मग एकदम मोठ्यानं, वर्गात ओरडायचे तसं, "बग, वळलंय! मी सरळ धरलं! माळा तिकडं हुता, तिकडून ते वळण दिसणारच न्हाई. उंच घे अजून. घे, घे!"

"हे आपलंच शेत हाय व्हय?" बजरंग त्यांच्या खांद्यावरून वाकून म्हणाला. "मी ह्यातच राबायलाव की."

ती उंच घेत होती. एवढ्यात वरून 'कट्' असा कोरडा आवाज आला. सूर चारही होते, शेवटपर्यंत होते, छत्रीची काडी सुटली होती. ड्रोन भिरभिरत ज्वारीत गेला. बांधावरून मालनबाई ओरडली, "पडलं, पडलं! मास्तरचं इमान पडलं!" आणि उत्तराला त्या पडण्यातही आनंद झाला, की दोष मोटरचा नव्हता, मोटर बरोबर होती. सगळे आत शिरले. ज्वारीच्या पात्यांच्या कडा गालांना कापत होत्या. बाहेरच्या बाजूला जमिनीला भेगा, बोट जाईल एवढ्या. आणि मग पावलाखालची जमीन बदलली. भेगा मिटल्या. ज्वारी गर्द झाली. ड्रोन तिथं उपडा पडला होता, टूथब्रशचा पाय जमिनीत उभा रुतलेला. मोडला नव्हता.

बजरंगनं तो उपटला, पायाला चिकटलेली माती पाहिली, आणि खाली बसला. विळ्यानं वितभर उकरलं. मूठभर माती घेऊन मूठ आवळली. उघडली. लाडू झाला होता, त्यावर त्याच्या चारही बोटांचे वळ. या दिवसांत, या शिवारात. तो लाडू त्यानं अण्णांच्या हातावर ठेवला आणि उठून, कणसांच्या वर तोंड करून हाक मारली.

"मालनबाय! हिरवं राहू द्या! नुसतं पिवळं काढा!"

"आत्ता मगाशी म्हणलास सगळं एकदाच!"

"आता म्हणायलाव हिरवं राहू द्या!"

"ह्या घरचे समदेच मास्तर," मालनबाई म्हणाली, आणि बायांनी पदर खोचले.

दुपार होईतो पिवळं आडवं झालं. उद्धव सावलीत बसून मोबाइल न काढता बघत होता. आता वरून बघायची गरजच उरली नव्हती. उघड्या पडलेल्या शेतातून हिरवा ओढा उभाच्या उभा वळत गेला होता, पुरुषभर उंचीचा, वाऱ्यानं सळसळणारा. रस्त्यावर दोन मोटरसायकली थांबल्या. कुणीतरी ओरडून विचारलं, हे मधीच काय सोडलंय? मालनबाईनं पेंढी बांधता बांधता, मान वर न करता सांगितलं, "मास्तरचा वढा हाय त्यो."

अण्णा ढिगाऱ्यावर बसले होते. ड्रोन मांडीवर घेऊन ते एकेक पंखा बोटानं फिरवत होते, आणि एका पंख्याशी थांबले. कान जवळ नेला. पुन्हा फिरवला.

"उत्तरा, ह्याच्यात खरखर लागायलीय गं. काय गेलंय आत?"

"शेत," ती म्हणाली.